स्वसंरक्षणासाठी पंप ॲक्शन शॉटगन: कुठली घ्यावी, काय बदलावं, काय सोडून द्यावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी गनस्मिथ नाही, पण रेंजवर बरीच वर्षं गेलीयत आणि माझ्या पहिल्या पंपवर बाजारात जे काय मिळतं ते सगळं लटकवून झालंय. सव्वातीन किलोची बंदूक साडेचार किलोची झाली होती आणि दोन मिनिटं खांद्याला धरली की हात थरथरायचे. नंतर त्यातलं बहुतेक सामान उतरवलं. खाली जे लिहिलंय ते त्या उतरवण्यातून आलेलं आहे असं समजा.

एक गोष्ट आधीच. लायसन्स, नळीची लांबी, मॅगझिनमध्ये किती काडतुसं चालतात, स्वसंरक्षण म्हणजे कायद्याने काय, हे प्रत्येक देशात वेगळं आहे आणि काही ठिकाणी पंप ॲक्शन सामान्य माणसाला मिळतच नाही. ते आपापल्या ठिकाणी लेखी बघून घ्या, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

पंपच का? सेमी ऑटो घेतलेली काय वाईट?

वाईट काहीच नाही, परवडत असेल तर घ्या. चांगली सेमी ऑटो धक्का कमी देते आणि दुसरा बार पटकन होतो. पण पंपचं यंत्र हाताने चालतं, नळीखालची मूठ (फोरेंड) मागेपुढे केली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत, त्यामुळे काडतूस मऊ आहे की जोरदार आहे याचं त्याला सोयरसुतक नसतं, जे घालाल ते चालवते. शिवाय किंमत कमी, वाचलेल्या पैशात काडतुसं येतात. तोटा एकच पण मोठा, की यंत्र म्हणजे तुम्ही स्वतः. घाबरलेल्या माणसाचा हात अर्धवट मागे येतो आणि बंदूक अडकते. "पंप कधी जाम होत नाही" असं म्हणणाऱ्याने ती घाईत चालवून बघितलेली नसते.

बारा बोअर घेऊ की वीस?

आधी बोअर म्हणजे काय ते. नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोळी घ्या, एका पौंडात अशा बारा बसल्या तर बारा बोअर, वीस बसल्या तर वीस. म्हणून आकडा मोठा तर नळी लहान. बाराची नळी आतून साधारण 18.5 मिलीमीटर, विसाची 15.6. फोर टेन मात्र या हिशोबात नाही, ती .410 इंच व्यासावरून आहे.

बहुतेकांनी बारा घ्यावी, कारण काडतुसांची निवड तिच्यातच आहे आणि कमी धक्क्याची काडतुसंही तिच्यात मुबलक मिळतात. अंगकाठी लहान असेल, खांद्याचं दुखणं असेल किंवा घरातलं दुसरं कोणी वापरणार असेल तर वीस बोअर हा अजिबात कमीपणाचा पर्याय नाही. फक्त एक लक्षात घ्या, विसाची बंदूक सहसा हलकी असते आणि हलकी बंदूक जास्त लाथ मारते, त्यामुळे फरक कागदावर वाटतो तेवढा खांद्याला जाणवत नाही.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: घरात दोन्ही बोअरच्या बंदुका असतील तर काडतुसं वेगळ्या कपाटात ठेवा. विसाचं काडतूस बाराच्या चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) पुढे घसरून नळीत अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, माणूस मागून बाराचं घालतो आणि चाप ओढतो, नळी फुटते. विसाची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी.

870 की मॉसबर्ग? एकदाचं सांगून टाका.

दोन्ही चालतात. रेमिंग्टन 870 ही 1950 पासून आहे, मॉसबर्ग 500 साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून, दोन्ही एक कोटीच्या वर विकल्या गेल्यात, त्यामुळे सुटे भाग आणि ॲक्सेसरीज दोन्हींच्या ढिगाने मिळतात. पण त्यांची बटणं वेगळ्या जागी आहेत आणि खरा निर्णय तिथे होतो.

870 चं सेफ्टी म्हणजे चापाच्या मागे आडवं बटण. मॉसबर्गचं सेफ्टी रिसीव्हरच्या (यंत्र असलेलं बंदुकीचं मधलं धड) वर मागच्या बाजूला, अंगठ्याखाली, दिसतंही आणि डावऱ्या माणसाला तेवढंच सोपं पडतं. स्लाइड (म्हणजे फोरेंड) सोडायचं बटण 870 मध्ये ट्रिगर गार्डच्या पुढे, मॉसबर्गमध्ये मागे. 870 चा रिसीव्हर पोलादी, मॉसबर्गचा ॲल्युमिनियमचा, पण यावरून भांडायचं कारण नाही, बोल्टची (चेंबर मागून बंद करणारा तुकडा) पकड नळीच्या मागच्या भागातच बसते. मॉसबर्गला रिकामं काडतूस ओढणाऱ्या दोन नख्या आहेत, 870 ला एक.

मला स्वतःला सगळ्यात जास्त जाणवतो तो लिफ्टर, म्हणजे मॅगझिनमधून आलेलं काडतूस वर उचलणारी पट्टी. मॉसबर्गमध्ये ती वरच राहते, खालचं तोंड मोकळं, काडतूस नुसतं ढकला. 870 मध्ये ती खाली असते, अंगठ्याने काडतुसाबरोबर तिलाही वर दाबावं लागतं, आणि अंगठा बाहेर काढताना नखाच्या मुळाशी चामडी धरते. थंडीत, हात बधिर असताना, एकदा धरली होती माझी, काडतूस ट्यूबमध्ये अर्धं आणि मी एका पायावर. सवयीने जमतं, पण दोन्ही दुकानात हातात घेऊन बघा (डमी राउंड, म्हणजे बारूद नसलेली खोटी काडतुसं, टाकू देत असतील तर उत्तम) आणि हाताला जी पटेल ती घ्या.

मॉसबर्ग 500 आणि 590 मध्ये फरक काय? दिसायला सारख्याच आहेत.

मॅगझिन ट्यूबचं पुढचं टोक. 500 मध्ये ते बंद असतं, नळीचा स्क्रू त्यात बसतो, त्यामुळे नंतर क्षमता वाढवायची तर पूर्ण ट्यूब बदलावी लागते. 590 चं टोक उघडतं, वर टोपी असते, त्यामुळे स्प्रिंग काढून साफ करता येते. 590A1 ही त्यातली दणकट, जाड नळीची आणि जडसुद्धा. नुसती घरात ठेवायची असेल तर A1 चं वजन कशासाठी उचलायचं ते मला कळलेलं नाही, पण ज्याला आवडते त्याला आवडते.

मॅव्हरिक 88 स्वस्त आहे, घेऊ का?

घ्या. मॉसबर्गचीच बहीण आहे, सेफ्टी फक्त वर नसून चापाजवळ आडवं आहे. वाचलेले पैसे काडतुसांत घाला.

सेकंड हँड घेताना काय बघायचं?

आधी रिकामी आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हीने तपासा. मग नळीत उजेड टाकून फुगवटा किंवा काळी वर्तुळाकार सावली दिसते का बघा, दिसली तर ठेवून द्या. चेंबरवर काडतुसाची लांबी कोरलेली असते, 2¾ इंच म्हणजे 70 मिलीमीटर, 3 इंच म्हणजे 76. ही लांबी उडवल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते, त्यामुळे तीन इंची काडतूस पावणेतीनच्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि उडवल्यावर तोंड उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं असं नाही!

जुन्या 870 मध्ये लिफ्टरला यू आकाराची खाच आहे का बघा. खाच नसलेल्या जुन्या लिफ्टरमध्ये काडतूस चुकून बोल्टखाली सरकलं की बंदूक अशी अडकते की हात टेकतात, खाचवाल्यात पट्टी लवचीक असल्याने ती सुटते.

आणि एखादी फारच जुनी मिळत असेल, विंचेस्टर 1897 किंवा मॉडेल 12 वगैरे, तर त्यांच्यात डिस्कनेक्टर नसतो. चाप दाबून ठेवून पंप मारला की बोल्ट बंद होताक्षणी बार होतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी 1897 खंदकांत वापरली, जर्मनीने 1918 मध्ये त्याचा अधिकृत निषेध केला, इतिहास म्हणून झकास आहे, पण नवशिक्याने डिफेन्ससाठी अशी बंदूक घरात ठेवू नये.

नळी किती लांब?

18 ते 20 इंच. अमेरिकेत 1934 च्या कायद्यापासून 18 इंचाखालची शॉटगन हा वेगळ्या नोंदणीचा विषय आहे, म्हणून बाजारात साडेअठराच्या नळ्या भरपूर दिसतात. शिकारीची 28 इंची नळी असेल तर घरातल्या दारांत अडते, तिच्यासाठी कंपनीची तयार छोटी नळी विकत मिळते आणि दोन मिनिटांत बदलता येते. करवत घेऊन बसू नका, बंदूकही जाते आणि आत जायची वेळही येते.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाची अरुंदी. डिफेन्ससाठी सिलिंडर (अरुंदी नाहीच) किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (अगदी थोडी), विषय संपला.

खोलीत शॉटगनला नेम धरावा लागत नाही म्हणतात, खरंय का?

नाही, नाही आणि नाही. ही समजूत कुठून आली देव जाणे. साध्या डबल ऑट (मोठ्या छर्ऱ्यांच्या) काडतुसाचे छर्रे पाच मीटरवर मुठीएवढ्या, फार तर तळहाताएवढ्या जागेत पडतात, दहा मीटरवर साधारण ताटाएवढ्या. चुकलात तर पूर्णच चुकलात, आणि चुकलेला प्रत्येक छर्रा कुठेतरी जाणार आहे.

म्हणून पॅटर्निंग करा, म्हणजे छर्रे किती पसरतात ते कागदावर बघा. घरातली सगळ्यात लांब सरळ रेषा टेपने मोजा, दाराच्या चौकटीपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जेवढी असेल तेवढी. मग रेंजवर मोठा कागद लावून तीन, पाच, सात मीटर आणि ती मोजलेली लांबी, प्रत्येक अंतरावर नवीन कागद आणि दोन-तीन बार. कागदावर काडतुसाचं नाव आणि अंतर लिहा. एकाच कंपनीचं एकच काडतूस दोन बंदुकांत वेगळं पडतं, त्यामुळे मित्राचा कागद तुमच्या कामाचा नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नऊ छर्ऱ्यांपैकी आठ छान एकत्र आणि नववा सात मीटरवरच सगळ्यांना सोडून वीतभर लांब. हे फक्त माझंच नाही, नवव्या छर्ऱ्याचा हा वांधा नेमबाजांत माहितीचा आहे, म्हणूनच बरेच जण आठ छर्ऱ्यांची काडतुसं घेतात.

मग काडतूस कुठलं?

बक्शॉट, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं. डबल ऑटचा छर्रा साधारण 8.4 मिलीमीटरचा, पावणेतीन इंचीत सहसा आठ किंवा नऊ. ब्रिटिश नावांत हाच आकार एसजी म्हणून येतो. नंबर वन बक 7.6 मिलीमीटरचा, नंबर फोर बक 6.1 चा आणि त्याचे साधारण 27 छर्रे मावतात.

माझं मत: कमी रिकॉइलचं (धक्क्याचं), म्हणजे सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाचं, पावणेतीन इंची डबल ऑट. तीन इंची मॅग्नमने खांदा सुजतो आणि दुसरा बार उशिरा होतो, घरातल्या अंतरावर तुम्हाला त्यातून मिळत काहीच नाही. फेडरलचं फ्लाइटकंट्रोल किंवा हॉर्नडीचं व्हर्साटाइट अशा वेगळ्या वॅडची काडतुसं मिळत असतील तर बघा, तो प्लॅस्टिकचा पेला छर्ऱ्यांना लगेच सोडत नाही, त्यामुळे दहा मीटरवरही छर्रे तळहाताएवढ्यात राहतात. महाग असतात. सराव स्वस्तातल्या बर्डशॉटवर (बारीक छर्ऱ्यांच्या काडतुसांवर) करा, पण जे घरात भरून ठेवणार त्याची किमान दोन-तीन पाकिटं तुमच्याच बंदुकीतून उडवून बघितलेली हवीत.

बर्डशॉट चालेल का? भिंतीपार जाणार नाही म्हणून विचारतोय.

विचार चांगला आहे, उत्तर मात्र नाही. पक्ष्यांसाठीचा छर्रा दोन-सव्वादोन मिलीमीटरचा. तो शरीरात खोल जात नाही, वरवरची भयानक जखम करतो पण समोरच्याला थांबवेल याची खात्री नाही. आणि जे खात्रीने थांबवतं ते जिप्समच्या हलक्या पार्टिशनमधूनही जातं, एका नाही, दोन-तीनमधून. यातून पळवाट नाही. म्हणून काडतूस बदलण्यापेक्षा कोन बदला: घरात कोण कुठे झोपतं, कुठल्या भिंतीमागे माणसं असतात, कुठल्या दिशेला तुम्ही कधीच नळी करणार नाही, हे दिवसा शांतपणे उभं राहून ठरवा. शेजारी पार्टिशनपलीकडे असेल तर कदाचित शॉटगन हे तुमच्यासाठी उत्तरच नाही.

स्लग?

साधारण 28 ग्रॅमचा शिशाचा एकच तुकडा. मोकळ्या जागेत, लांब अंतरावर ठीक. घरात नको.

मिनी शेल टाकल्या की जास्त बसतात ना?

बसतात, पण पावणेदोन इंची काडतूस लिफ्टरवर उलटंपालटं होतं कारण बंदूक त्या लांबीसाठी बनलेलीच नाही. मॉसबर्गसाठी एक छोटा रबरी तुकडा मिळतो, तो घातला की बऱ्यापैकी चालतात. रेंजवर मजा म्हणून ठीक, घरात भरून ठेवायला मी तरी वापरणार नाही.

बंदूक आणली. पहिला बदल काय करू?

दस्ता. टॉर्च नाही, साइट नाही, दस्ता.

कंपनीचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत साधारण 14 इंच असतो. ही लांबी आडवं उभं राहून उडत्या पक्ष्यावर नेम धरणाऱ्यासाठी आहे. डिफेन्समध्ये माणूस समोर तोंड करून, किंचित पुढे वाकून उभा राहतो, त्यात 14 इंची दस्ता खांद्यावर यायच्या आधी काखेत अडकतो. मग माणूस मागे झुकतो, धक्क्याने आणखी मागे जातो, फोरेंडपर्यंत हात पुरत नाही, पंप अर्धवट येतो आणि तो म्हणतो बंदूक खराब आहे.

आमच्याकडे हेच झालं. बायकोला माझी बंदूक दिली, तिने पाच बार केले त्यात दोनदा अडकली, खांद्याऐवजी दंडावर निळा डाग, आणि "ही तुझी तू ठेव" म्हणून मोकळी झाली. मी मूर्खासारखा तिला पंप जोरात मारायला सांगत होतो. वर्षभराने साडेबारा इंची दस्ता बसवला, तीच बंदूक, तीच काडतुसं, पूर्ण पाकीट न अडकता गेलं. माझं स्वतःचंही त्याच दस्त्यावर जास्त चांगलं जमतं हे मान्य करायला मला अजून जरा जड जातं.

होगचा 12 इंची रबरी दस्ता मिळतो, मॅगपुल एसजीए मध्ये चकत्या घालून लांबी साडेबारा ते साडेचौदा इंच करता येते. मागे चांगला रिकॉइल पॅड हवा. हे दोन्ही बदल स्क्रू ड्रायव्हरने घरी होतात.

नुसती पिस्तूल ग्रिप, दस्ताच नाही, अशी भारी दिसते…

दिसते. कमरेवरून नेम धरता येत नाही, चेहऱ्यासमोर धरलीत तर धक्का मनगटात आणि दातांत. नको.

पूर्ण दस्त्याला पिस्तूल ग्रिप असेल तर चालेल, पण मॉसबर्गवर बसवताना आधी बघा, सेफ्टी वर आहे आणि ग्रिप धरल्यावर अंगठा तिथे पोचत नाही, पकड सोडून वर न्यावा लागतो. 870 ला हा प्रश्न नाही.

टॉर्च लागतोच का?

लागतो, दस्त्यानंतर खर्च करायचा तर इथेच. अंधारात समोरची आकृती कोण आहे हे ओळखल्याशिवाय बोट चापावर जाताच कामा नये, आणि रात्री घरात हलणाऱ्या आकृत्यांपैकी जवळजवळ सगळ्या घरातल्याच असतात.

सगळ्यात चांगला म्हणजे फोरेंडमध्येच बसवलेला, शुअरफायर आणि स्ट्रीमलाइट दोघे करतात, वायर लोंबत नाही, हात जिथे असतो तिथेच बटण. स्वस्तातला मार्ग म्हणजे मॅगझिन ट्यूबला क्लॅम्प लावून छोटा टॉर्च. चिकटपट्टीने लावलेला टॉर्च तिसऱ्या बाराला पुढे उडालेला मी डोळ्यांनी बघितलाय.

एक अडचण आहे ती कुणी सांगत नाही. बंदुकीवरचा टॉर्च ज्याच्यावर टाकाल त्याच्यावर नळीही रोखली जाते. म्हणून उजेड जमिनीवर किंवा छतावर टाकून खोली उजळवायची सवय करा, भरपूर दिसतं. आणि बघण्यासाठी हातात धरायचा वेगळा टॉर्च उशाशी ठेवाच.

बीड साइट बदलू का?

घाई नाही. पुढचा तो छोटा मणी घरातल्या अंतराला पुरतो. अंधारात दिसावा म्हणून केशरी किंवा चमकणारा मोठा मणी लावलात तर फायदा होतो. घोस्ट रिंग (मागे मोठं कडं असलेली साइट) अचूक पण अंधारात शोधायला वेळ लागतो, स्लग वापरणाऱ्यांसाठी जास्त उपयोगी. रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) छान असतो पण उंच बसवलात तर गाल दस्त्यावरून उठतो, हवेत नेम धरावा लागतो, शक्य तेवढा खाली बसवा.

साइडसॅडल कुठला?

रिसीव्हरच्या डाव्या बाजूला चार ते सहा काडतुसं धरणारी पट्टी. दोन प्रकार: स्क्रूवाली धातूची किंवा प्लॅस्टिकची, आणि वेल्क्रोवर चिकटणारी कापडी. मी वेल्क्रोवाल्यांच्या बाजूचा, कारण पहिल्यावेळी स्क्रूवाली लावताना हौसेने पान्हा आवळला आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर पंप असा चालायला लागला जसं आत वाळू भरलीय. जास्त आवळल्याने रिसीव्हरच्या भिंती आत दाबल्या गेल्या होत्या आणि बोल्ट घासत होता. स्क्रू अर्धा फेरा सैल केला, मोकळी झाली. लावल्यावर पंप मारून बघा, किंचितही जड वाटला तर सैल करा आणि निळं थ्रेडलॉक घाला.

870 वर आणखी एक भानगड, काही फोरेंड मागे येऊन रिसीव्हरवर चढतात आणि साइडसॅडलला धडकतात. तेव्हा आखूड फोरेंड घ्यावा लागतो. आणि सहाच्या ऐवजी चारची पट्टी घ्या, एक काडतूस जवळपास 45-50 ग्रॅमचं, वजन वाढत जातं.

मॅगझिन एक्स्टेन्शन?

पाच-सहाची क्षमता असेल तर गरज नाही. एक्स्टेन्शनचं सगळं वजन नळीच्या टोकाला येतं आणि तिथलं शंभर ग्रॅम दस्त्याजवळच्या पाचशेसारखं वाटतं. त्याऐवजी आतला फॉलोअर (स्प्रिंगच्या टोकाची, काडतुसं मागे ढकलणारी टोपी) बदला, चमकदार रंगाचा घ्या, ट्यूब रिकामी असल्याचं एका नजरेत कळतं. दोन मिनिटांचं काम आणि फार कमी खर्च.

हीट शील्ड (नळीवरची जाळी), नळीच्या तोंडाचा दातेरी ब्रीचर, संगीनचा हूक?

कपाट सजवायला.

ट्रिगर पॉलिश करून घेऊ? सेफ्टीचं बटण मोठं?

सेफ्टीचं मोठं बटण हातमोजे घालत असाल तर चालेल. ट्रिगरला हात लावू नका. शॉटगनच्या जड चापाचा घरात काही तोटा नाही, हलक्या चापाचे तोटे मात्र मोठे आहेत.

भरलेली कशी ठेवायची?

लॉकमध्ये. पटकन उघडणारी भिंतीवरची पेटी किंवा छोटी तिजोरी, कोड बोटांनी अंधारात दाबता आला पाहिजे. घरात मुलं असोत नसोत, पाहुणे येतातच.

आत ठेवताना चेंबर रिकामं, मॅगझिन भरलेलं, ॲक्शन बंद. बहुतेक पंपचं सेफ्टी फक्त चाप अडवतं, आतल्या हॅमरला नाही, त्यामुळे चेंबरमध्ये काडतूस असलेली बंदूक जोरात पडली तर बार होऊ शकतो. म्हणून ही पद्धत. वेळ आली की स्लाइडचं बटण दाबून पंप मारला की तयार. बरेच जण रिकाम्या चेंबरवर चाप ओढून हॅमर उतरवून ठेवतात, मग बटण शोधावं लागत नाही, पण चेंबर रिकामं आहे हे दोनदा तपासल्याशिवाय आणि नळी सुरक्षित दिशेला असल्याशिवाय हे करायचं नाही.

मॅगझिनमध्ये महिनोन्महिने दाबून ठेवलेली प्लॅस्टिकची काडतुसं फुगतात, चपटी होतात आणि मग चेंबरमध्ये अडतात. दर दोन-तीन महिन्यांनी काढून रेंजवर उडवून टाका, नवी भरा.

पंपचा आवाज ऐकूनच चोर पळतो म्हणतात.

पळेलही. किंवा तुम्ही कुठे आहात ते त्याला कळेल. आवाजाच्या भरवशावर बंदूक घेऊ नका. दार लावून आत थांबणं, घरच्यांना एका खोलीत आणणं, पोलिसांना फोन चालू ठेवणं, हे सगळं आधी. बंदूक घेऊन अंधाऱ्या घरात शोधायला निघणं हे प्रशिक्षित माणसंसुद्धा एकट्याने टाळतात.

माझी मधेच अडकते. शॉर्ट स्ट्रोक का काय म्हणतात ते. उपाय?

फोरेंड पूर्ण मागे, खटकन लागेपर्यंत, मग पूर्ण पुढे. घाई केलीत तरी चालेल, अर्धवट नको. बरेच जण बार झाल्यावर बंदूक खाली घेऊन, काय झालं ते बघून, मग पंप मारतात. धक्का येतो तेव्हाच हात मागे आला पाहिजे, दस्ता खांद्यावरच. पुश-पुल पद्धत शिका: पुढचा हात फोरेंड पुढे ढकलत राहतो, मागचा हात ग्रिप मागे ओढत राहतो, जसं धनुष्य ताणताय. दोन हातांमध्येच बराच धक्का जिरतो, आणि फोरेंड मागे यायला हात आधीच तयार असतो.

घरी डमी राउंड घेऊन, खरं काडतूस त्या खोलीतसुद्धा नाही याची खात्री करून, रोज दहा मिनिटं महिनाभर केलंत तर फरक दिसेल. डमी साइडसॅडलमधून काढून रिसीव्हरच्या बाजूच्या उघड्या खिडकीतून (जिथून रिकामं काडतूस बाहेर पडतं) सरळ चेंबरमध्ये टाकायचाही सराव करा, रिकामी झालेली बंदूक सगळ्यात पटकन अशी चालू होते.

आणि हाताचा दोष नसेल तर चेंबर बघा. काही स्वस्त बंदुकांचं चेंबर खरखरीत असतं, त्यात स्वस्त पोलादी बुडाची काडतुसं उडवल्यावर चिकटतात. पितळी बुडाची टाकून बघा, सुटली तर चेंबर पॉलिश करून घ्या, जाणकाराकडून.

कानाचं काय?

बंद खोलीत शॉटगनचा आवाज 150 डेसिबलच्या वर जातो, एका बारानेही कान कायमचे जाऊ शकतात. बंदुकीच्या पेटीतच इलेक्ट्रॉनिक इअरमफ ठेवा, ते पावलांचा आवाज वाढवून ऐकवतात आणि बाराचा दाबतात. बॅटरी काडतुसांबरोबरच बदला, नाहीतर विसरता.

साफसफाई किती?

पंप घाणीला पुष्कळ सहन करते. नळीतून ब्रश, चेंबर नीट पुसून कोरडं, ॲक्शनच्या दोन दांड्यांवर आणि बोल्टच्या घासणाऱ्या बाजूंवर तेलाचा पातळ हात. मॅगझिन ट्यूबच्या आत तेल ओतू नका, धूळ धरतं आणि काडतुसांत शिरतं, आत नुसतं कोरडं फडकं फिरवा. टॉर्चचे, साइडसॅडलचे, दस्त्याचे स्क्रू प्रत्येक रेंजनंतर हाताने तपासा, आणि प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची एक रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. माझ्याकडे लाल आहे. बायकोची बाटली होती, परत दिलेली नाही अजून.